नीजगावच्या हैबतीचं पॉलिशचं मशीन

फार पूर्वी, म्हणजे मोटारींनी बोलणं सोडलं होतं पण त्यांना ऐकू अजून येत होतं, त्या काळात एका तळ्याच्या काठी नीजगाव नावाचं गाव होतं.

गावाला हे नाव उगाच पडलेलं नव्हतं. तळ्यातून धुकं उठायचं आणि कुणाला न विचारता घराघरांत शिरायचं. चुलीपाशी बसायचं, पाळण्यात डोकवायचं, माणसांच्या पापण्यांवर अलगद हात ठेवायचं. त्यामुळे नीजगावात सगळं अर्ध्या झोपेत चाले. कोंबडा आरवायला सुरुवात करी आणि मधेच जांभई देई. उरलेलं आरवणं तो दुपारी पूर्ण करी. दूध उतू जायला निघे, काठापर्यंत येई आणि विचार बदलून परत खाली बसे. एकदा एक फिरता फोटोवाला गावात आला होता. त्यानं घरोघरचे फोटो काढले, पण एकाही फोटोत एकाचेही डोळे उघडे निघाले नाहीत. बिचारा रडकुंडीला येऊन गेला, आणि त्यानंतर फोटोवाल्यांनी नीजगावचा रस्ताच टाकला.

आता एवढं सगळं असून गावाला झोपाळू म्हटलेलं मात्र मुळीच खपत नसे. आम्ही झोपत नाही, डोळे मिटून विचार करतो, असं ते पाहुण्याला सांगत, आणि सांगता सांगता विचार करू लागत. आपल्याला कुणी मंद म्हणू नये म्हणून ते प्रत्येक वस्तू वेगवान बघून आणत. गावातली घड्याळं सगळ्या जगाच्या पुढे पळत. पंखे माणसाला खुर्चीतून उचलून ओसरीवर नेऊन ठेवत. पाटलांनी तर असा घोडा घेतला होता, की तो पाटलांना न घेताच परगावी जाऊन, कामं आटोपून परत येई. पाटील त्याचा फार अभिमान बाळगून होते.

या गावात हैबती नावाचा एक मोटारी पॉलिश करणारा राहत असे.

नीजगावात त्याच्या धंद्याला मरण नव्हतं. धुकं मोटारींच्या अंगावर बसे, आणि सुकलं की दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर मागे ठेवून जाई. मोटार लाल असो की निळी, वर्षभरात ती आजारी म्हशीसारखी दिसू लागे. हैबती मऊ फडकं घेई, त्यावर पॉलिशचं मलम घेई, आणि गोल गोल, गोल गोल घासत ती साय काढी. त्याच्या हातची मोटार अशी उजळे की चिमण्या तिच्या दारात बसून भांग पाडत आणि कावळे आपलं रूप बघून खजील होऊन उडून जात.

पण अलीकडे हैबतीच्या उजव्या हाताला नीजगावचं पाणी लागलं होतं. हैबती जागा असायचा आणि हात खांद्यापासून बोटांपर्यंत परस्पर झोपी जायचा. फडकं मोटारीवर तसंच राही, बोटं सैल पडत. शांत दुपारी तर तो हात घोरताना ऐकू येई. हैबतीची बायको यमुना त्या हाताकडे बघून म्हणे, "अहो, पांघरूण तरी घाला त्याच्यावर. थंडी वाजत असेल." हैबती चिडे. पण चिडून मूठ आवळायला जावं, तर मूठ डाव्याच हाताची आवळली जाई.

अशातच एके सकाळी धुक्यातून एक मोटार हळूच त्याच्या अंगणात येऊन थांबली. मोटार शालनची होती. ही शालन गावातल्या लोकांना तळ्याला वळसा घालून बाजाराच्या गावी नेई-आणी. लहानपणापासून तिला हैबतीनं पाहिलेलं, त्यामुळे ती त्याला काका म्हणे. मोटार तिच्या वडिलांपासूनची. मूळ रंग लोण्यासारखा, पण आता तिच्यावर इतकी साय चढली होती की मोटार कुठे संपते आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

शालननं हैबतीला मोटारीच्या पुढे नेलं आणि बॉनेटवर एका जागी वाकून बघायला सांगितलं. हैबतीनं डोळे बारीक केले. सायीच्या खाली, अगदी खोल, तांबूस असं काहीतरी होतं. एक बोट. त्याच्या शेजारी दुसरं.

ती खूण कशाची, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मोटार पहिल्यांदा घरी आली तेव्हा शालनच्या आईनं तिची पूजा केली होती. नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि ओल्या कुंकवात तळवा बुडवून बॉनेटवर पाचही बोटं उमटवली. त्या वर्षी ऊन असं कडक होतं की कुंकू पुसलं जाण्याऐवजी रंगात मुरलं. पुढे शालन पाळण्यातून नुकती उतरलेली असतानाच आई तापानं गेली. फोटोवाल्यानं काढलेला एक फोटो होता खरा, पण त्यात आईचे डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावरून धुकं गेलेलं. त्या फोटोतली बाई कुणाचीही आई असू शकली असती. बॉनेटवरची बोटं मात्र तिचीच होती. लहानपणी शालन रुसली की जाऊन त्या बोटांपाशी बसे.

आणखी एक हिवाळा गेला असता, की साय त्या बोटांवर कायमची मिटली असती.

हैबतीनं अंगठ्याच्या नखानं सायीचा अंदाज घेतला. काम नाजूक होतं. बोटं सोडून बाकीची मोटार घासण्यात अर्थ नव्हता, कारण साय बोटांवरच बसलेली. आणि गरजेपेक्षा एक वळसा जास्त घासला, तर सायीमागून रंगाचा वरचा पापुद्रा जाणार, आणि त्या पापुद्र्यात मुरलेलं कुंकूही. त्यानं फडकं घेतलं, एक वळसा दिला, दुसरा दिला, आणि तिसऱ्याला हात झोपला.

शालन त्या झोपलेल्या हाताकडे बघत राहिली. हैबतीनं डाव्या हातानं उजवा उचलून कुशीत घेतला आणि म्हणाला, मशीन आणतो. गोल फिरणारं पॉलिशचं मशीन. परवडेल असं बघून आणतो.

"माझ्या आईवर मशीन फिरवणार, काका?"

"हात झोपलाय गं, बाई. याच्या भरवशावर राहिलो तर साय जिंकेल."

शालननं एकदा त्या बोटांकडे पाहिलं. मग तिनं मोटारीची किल्ली त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवली. "तुमच्यावर सोपवते. पण बोटं गेली, तर मोटार तुमच्याच अंगणात राहू द्या. मी न्यायला येणार नाही. मला ती मग नको."

आणि ती धुक्यात चालत निघून गेली. मोटारीला ऐकू येत होतंच. तिचे दिवे जरा खाली झुकल्यासारखे वाटले.

नीजगावात यंत्रांचा बाजार ठरावीक दिवशी भरत नसे. धुकं अगदी दाट झालं, हातातला हात दिसेनासा झाला, की तळ्याच्या पलीकडून घंटा ऐकू येई आणि पाण्याकाठी बाजार आपोआप उमटे. आधी आवाज येत, मग कंदील, मग माणसं. धुकं विरळ झालं की उलट्या क्रमानं सगळं नाहीसं होई. आधी माणसं जात, मग कंदील, आणि शेवटी एखाद्या दुकानदाराचा "या साहेब, बघायचे पैसे नाहीत" एवढा आवाज पाण्यावर तरंगत राही.

शालन गेली त्याच्या दुसऱ्याच सकाळी घंटा वाजली. हैबती पिशवी घेऊन निघाला.

पॉलिशची मशिनं विकणाऱ्याच्या डोक्याला हिरवा फेटा होता, आणि मिशा इतक्या तुकतुकीत होत्या की समोरच्या गिऱ्हाईकाला त्यांत आपला चेहरा दिसे, तोही हसरा. त्याच्या चटईवर तीन मशिनं मांडलेली होती.

पहिलं सात समुद्रांपलीकडचं. मखमलीवर निजलेलं, मुठीला चांदीची वेलबुट्टी. त्याची किंमत दुकानदारानं हैबतीच्या कानात सांगितली, आणि हैबतीनं नकळत आपला खिसा वरून दाबून धरला. ते मशीन त्यानं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही.

दुसरं लालभडक. त्याची किंमत ऐकून हैबतीचा खिशावरचा हात सुटला. दुकानदारानं शेजारच्या बरणीचं झाकण उघडून त्यात वायर सोडली. नीजगावाकडे वीज अशीच मिळे. पावसाळ्यात आभाळातून पडली की बायका ती लोणच्याच्या बरणीत धरून, तोंडाला फडक्याचा दादरा बांधून ठेवत. वायर बुडाली मात्र, लाल मशीन असं काही गरगर फिरलं की आसपासचं धुकं त्याच्याभोवती गुंडाळलं जाऊ लागलं. पुढे उभ्या असलेल्या बाईचा अंबाडा सुटून पुन्हा आपोआप घातला गेला. एक बोकड कुतूहलानं जवळ आला होता, तो दाढीविना परत गेला. गर्दीनं माना डोलावल्या. याला म्हणतात मशीन, असं दोघातिघांनी एकदमच म्हटलं आणि आपापल्या डोळ्यांवरची झोप झटकली.

तिसरं मशीन करड्या रंगाचं, साधं. दुकानदारानं ते दाखवायचंही टाळलं असतं, पण चटईवर होतं म्हणून वायर लावली. मशीन लगेच सुरूच झालं नाही. म्हातारी गाय उठते तसं आधी थोडं हललं, मग एक वळसा घेतला, मग विसावून दुसरा. मुठीपाशी एक छोटं चाक होतं. दुकानदारानं ते पिळलं तसा वेग वाढला, उलट पिळलं तसा पुन्हा इतका कमी झाला की मशीनवर येऊन बसलेली माशी उडाली नाही, तिथेच बसून फिरत राहिली.

गर्दीत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, हे आपल्या गावचंच दिसतंय. ते बोलणं सगळ्यांनाच लागलं, आणि म्हणूनच सगळे आणखी जोरानं हसले. हैबतीनं किंमत विचारली. करड्याची किंमत लालपेक्षा थोडी जास्त निघाली.

"हळू चालायचे जादा पैसे?" हैबतीनं विचारलं.

दुकानदारानं मिशी पिळली. तो म्हणाला, काय करणार साहेब, वेग देणं सोपं असतं, तो आवरणारं चाक बसवायला कारागीर जास्त लागतो.

हैबतीनं आजूबाजूला पाहिलं. पाटलांचा घोडा धुक्यातून एकटाच चालला होता, त्यानंसुद्धा करड्या मशीनकडे बघून ओठ मुडपल्यासारखं हैबतीला वाटलं. एक तर आपला हात झोपणारा, त्यात मशीनही झोपाळू घेतलं तर गाव काय म्हणेल? आणि वर जादा पैसे मोजून? त्यानं लाल मशीन पिशवीत टाकलं. घरी जाताना पिशवी त्याला ओढत नेत होती.

आता नीजगावात एक रीत होती. नव्या हत्याराचा पहिला हात परक्याच्या वस्तूवर चालवायचा नाही. आपल्या घरातल्या आवडत्या वस्तूवर चालवायचा. नवी कुऱ्हाड आधी आपल्या अंगणातल्या आंब्याची फांदी पाडे. शिंपी नवी कात्री आधी आपल्या शालीच्या काठाला लावी. न्हावी नव्या वस्तऱ्यानं आधी सासऱ्याची दाढी करी, आणि त्या दिवशी सासरे सहसा परगावी गेलेले असत.

हैबती घरी आला तो थेट शालनच्या मोटारीकडे निघाला. यमुनानं पदर खोचला आणि मधे उभी राहिली. आधी घरचं काहीतरी, असं तिनं बजावलं. हैबती म्हणाला, अगं पोर वाट बघतेय, साय वाढतेय, रीत बीत उद्या बघू. शिवाय आपल्या घरात आवडतं असं आहे काय? माझी म्हणावी अशी एक लाकडी घडवंची आहे, तीही डुगडुगते.

यमुना आत गेली. बराच वेळ आतून ओढण्याचा आवाज येत राहिला. मग ती आपली पत्र्याची ट्रंक ओढत अंगणात घेऊन आली.

ही ट्रंक तिच्या माहेरची. झाकणावर तिच्या भावानं स्वतःच्या हातानं मोर रंगवला होता. मोराची मान जरा जास्तच लांब झाली होती, म्हणून लहानपणी ती भावाला चिडवायची की हा मोर नाही, पिसारा लावलेला बगळा आहे. तो भाऊ पुढे जहाजावर गेला आणि कुठल्या तरी दूरच्या बंदरात राहिला. पत्रं यायची तीही धुक्यात वाट चुकू लागली. यमुना रोज सकाळी त्या मोरावरून ओलं फडकं फिरवी. हैबतीनं ते रोज पाहिलं होतं.

"ही नको," तो म्हणाला.

"मग काय, डुगडुगत्या घडवंचीवर चालवाल? आवडती वस्तू म्हणजे आवडती वस्तू. आणि तुमचं मशीन चांगलंच आहे ना? मग मोर जरा उजळेल, दुसरं काय होणार."

हैबतीला नाही म्हणता येईना. नाही म्हणावं, तर मशीनवर आपलाच भरवसा नाही असं होणार. त्यानं बरणीत वायर सोडली, मूठ डाव्या हातात घट्ट धरली, आणि लाल मशीन मोराच्या पिसाऱ्यावर अगदी हलकेच टेकवलं.

टेकवलं असं म्हणायचं एवढंच. मशीननं त्याला विचारलंच नाही. ते जे फिरलं, ते जोरानंच. कमी करायला त्याला चाकच नव्हतं. हैबतीनं दचकून वर उचललं तोवर पत्रा तापून निळसर झाला होता, जळक्या रंगाचा वास अंगणात भरला होता, आणि झाकणावर उघडा पत्रा लखलखत होता. इतका लखलखीत की त्यात हैबतीचा चेहरा स्वच्छ दिसत होता. पिसारा नव्हता. लांब मान नव्हती. निळ्या-हिरव्या रंगाची बारीक पूड हवेत तरंगत राहिली, थोडा वेळ मोरासारखीच दिसली, मग धुक्यात मिसळली.

हैबती मशीन हातात धरून तसाच उभा. यमुना ओरडेल, कपाळ बडवेल, निदान माहेरचं काही काढेल म्हणून तो थांबला. तिनं यातलं काही केलं नाही. तिनं झाकणावर हात ठेवला, तो चटका बसून उचलला, पुन्हा ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली.

"काय बरं झालं, यमुने?"

"माझा मोर गेला. शालनची आई नाही गेली."

हैबती पायरीवर बसला. समोर मोटार उभी होती, बॉनेटवरच्या सायीखाली ती बोटं मिटल्यासारखी निजली होती, आणि त्याच्या मांडीवर ते लाल मशीन बंद करूनही थोडं थोडं थरथरत होतं. यमुना मधे उभी राहिली नसती तर आज या घटकेला आपण काय पुसून बसलो असतो, हे त्याला दिसलं. त्याला रडू आलं नाही, झोपही आली नाही. नीजगावच्या माणसाचे डोळे इतके टक्क उघडे कधी कुणी पाहिले नव्हते.

यमुनानं आकाशाकडे पाहिलं. धुकं पातळ होऊ लागलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि फडताळात मागच्या बाजूला ठेवलेली मोठी बरणी घेऊन आली. गेल्या साली पडलेली वीज, छान मुरलेली. ती बरणी तिनं हैबतीच्या काखेत दिली आणि म्हणाली, वर काही मागितलं तर हे द्या. आणि आता तरी पळा.

हैबती पळाला. नीजगावात धावणारा माणूस पाहायची सवय नव्हती. लोकांना वाटलं, पाटलांचा घोडाच असावा, आणि त्यांनी बाजूला होऊन त्याला नमस्कार केला. तळ्याकाठी पोचला तेव्हा बाजारातली माणसं मावळली होती. कंदीलही एकेक करून चालले होते. हिरव्या फेट्यावाल्याचा फक्त फेटा उरला होता आणि मिशा. हैबतीनं हाक मारली, तशा मिशा थबकल्या.

आता पुन्हा जमलेल्या चार-दोन धूसर गिऱ्हाइकांदेखत हैबतीला जे विचारायचं होतं, ते नीजगावात आजवर कुणी विचारलं नव्हतं. लाज वाटली. पण त्यानं विचारलं.

"त्या करड्या मशीनचं सगळ्यात हळू किती हळू आहे, ते मला पुन्हा दाखवा."

दुकानदार हळूहळू पुरता दिसू लागला, बहुतेक आश्चर्यानं. आयुष्यभर सगळे त्याला विचारत, किती पळतं? हैबतीनं करडं मशीन हातात घेतलं. त्यानं चाक पार खाली आणलं. मशीन सावकाश फिरलं. मग त्यानं मशीनचं तोंड चटईवर जोरानं दाबून पाहिलं, वेग अडखळतो का. अडखळला नाही. हातात पेललं, डाव्या हाताला जड होत नाही ना ते बघितलं. पुढच्या गादीची लोकर गालाला लावून पाहिली. टोचली तेव्हा त्यानं दुसरी मागितली, कोकराच्या लोकरीची. गिऱ्हाईकं कुजबुजत होती, एकजण तर मोठ्यानंच म्हणाला की हा मशीन घ्यायला आलाय की सून बघायला. हैबतीनं मान वर केली नाही.

लाल मशीन परत घ्यायला दुकानदार आनंदानं तयार झाला. त्याला मागणी होतीच. वरच्या फरकापोटी बरणी दिली, तेव्हा त्यानं दादरा सोडून वास घेतला आणि अर्धी वीज काढून घेऊन उरलेली हैबतीलाच परत केली. हे मशीन थोडक्या विजेवर चालतं, म्हणाला, तुम्हाला पुरेल. मग आधी तो गेला, मग त्याचा कंदील, आणि "पुन्हा या साहेब" एवढं पाण्यावर तरंगत राहिलं.

घरी आल्यावर हैबतीनं पुन्हा रीत पाळली. आपली घडवंची उलटी करून तिच्या रंगवलेल्या पायावर मशीन चालवलं, आधी एका कोपऱ्यात, मग थोडं पुढे. घडवंची उजळली, आणि रंग जागच्या जागी राहिला. त्यानंतरच तो मोटारीकडे वळला.

आधी त्यानं टपावर काम केलं, मग दारांवर, मग मागच्या बाजूला. मशीनचा आवाज पाळण्याच्या कुरकुरीसारखा होता. यमुना तांब्यातून पाणी शिंपडत होती आणि मधून मधून हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघत होती, पोराच्या कपाळाचा ताप बघतात तशी. गरम लागलं की ती बोट वर करी, आणि हैबती मशीन उचले. साय हळूहळू विरघळत गेली, आणि तिच्याखालून लोण्याचा रंग असा वर आला की अंगणातलं धुकंसुद्धा पिवळसर झालं. मोटारीनं एक दीर्घ उसासा सोडला. तो टायरमधून आला असेल, पण टायर नंतर भरलेलेच होते.

बॉनेट त्यानं शेवटी ठेवलं होतं.

चाक अगदी खाली आणून त्यानं कोकराची लोकर बोटांच्या खुणेवर टेकवली. मशीन एक वळसा घेई आणि जणू विचारी, पुढे जाऊ? हैबती मनात म्हणे, जा. एकेक वळशानं साय पातळ झाली. करंगळी आली. मग तिच्या शेजारचं बोट, त्यात अंगठीच्या जागी कोरी रेघ. मग मधलं, मग तर्जनी. अंगठा मात्र अजून धुरकट होता, थोडी साय त्याच्यावर राहिलीच होती.

हैबतीचा डावा हात थांबला. पॉलिशवाल्याला अर्धवट राहिलेली जागा बघवत नाही. ती त्याला दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखी छळते. अंगठ्याचं कुंकू मुळातच फिकट उमटलेलं, रंगाच्या अगदी वर बसलेलं. आणखी एकच वळसा, की अंगठाही लख्ख निघेल. किंवा निघून जाईल. मशीन संथ फिरत होतं, तयार होतं, कुठल्याही बाजूला जायला राजी होतं. यमुनानं तांब्या खाली ठेवला.

हैबतीनं चाक आणखी उलटं पिळलं. मशीन विसावलं, अर्धा वळसा घेतला आणि थांबलं.

"असू दे तेवढी," तो म्हणाला.

निरोप मिळून शालन आली तेव्हा ऊन पडलं होतं. नीजगावात ऊन क्वचितच पडे, त्यामुळे तीही डोळ्यांवर हात धरूनच फाटकातून आत आली. मोटार पाहून ती जागीच थबकली. मग बॉनेटपाशी गेली आणि वाकली.

अंगठ्यावर साय राहिली आहे, हे हैबती तिला सांगायला लागला. काढता आली नाही असं नाही, पण काढली नाही, असं काहीतरी त्यानं सुरू केलं. शालनचं लक्ष नव्हतं. ती त्या बोटांकडे बघत होती. तिच्या आठवणीतला आईचा हात फार मोठा होता. तो पाठीवरून फिरे तेव्हा सगळी पाठ झाके, कपाळावर ठेवला की डोळेही झाकले जात. एवढ्या मोठ्या हाताची बाई केवढी असेल, असं ती लहानपणापासून मनाशी रंगवत आली होती.

तिनं आपला हात पसरला आणि खुणेवर धरला, आधी वरच्यावर, न टेकवता. मग टेकवला. करंगळीवर करंगळी बसली, तर्जनीवर तर्जनी. धुरकट अंगठा तिच्या अंगठ्याखाली बरोबर झाकला गेला. कुठे काही उरलं नाही, कुठे काही कमी पडलं नाही.

"काका, आई एवढीच होती?"

उत्तर यमुनानं दिलं. ती तांब्या घेऊन पायरीवर बसली होती.

"एवढीच होती, बाई. तुझ्याएवढी."

शालननं हात उचलला नाही. मोटारीचा पत्रा उन्हानं कोमट झाला होता, माणसाच्या हातासारखा.

तात्पर्य, ज्याला पटेल त्यानं पदरी बांधावं: हत्यार घेताना ते किती जोरात चालतं हे सगळेच विचारतात, शहाण्यानं ते किती हळू चालतं आणि कुठे थांबतं हे विचारावं, आणि त्याचा पहिला हात आपल्या घरावर चालवून बघावा.